ताईला ओळखता न आलेलं अक्षर

धाकट्याचा फोटो आला तेव्हा ताईचे दोन्ही हात कामात होते. हे कारण तिने पुढे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याचा पार चोथा झाला. पाट्यांची अक्षरं कापून द्यायचं तिचं दुकान. त्या दुपारी यंत्रावर एका दवाखान्याची पाटी चालली होती, आणि शीट जरा जरी हलली असती तरी डॉक्टरांच्या आडनावाला कायमचा बाक आला असता. बाजूला फोन किणकिणला. तिने नुसती मान वळवून पाहिलं. करडी भिंत, भिंतीवर धातूची जाड अक्षरं. मधोमध एस, त्याच्या डावीकडे यू, उजवीकडे ई-ची जेमतेम कड. धाकट्याचा नेहमीचा चाळा. सावकाश बघू म्हणून तिने फोन पालथा घातला. मग दवाखाना उरकला, मग एका शाळेची अक्षरं कापून झाली, मग घरी जायची वेळ झाली आणि ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं शटर वर करत असतानाच भावजयीचा फोन आला.

"ताई, हे तुमच्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे? नाही गं. का?"

भावजय म्हणाली, "काल दुकानात जातो म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. दुकानात विचारलं तर तिथे गेलेच नव्हते म्हणे. फोन बंद लागतोय."

ताई खाली बसली. तिथे खुर्ची नव्हती, तरी बसली.

आता एक मोठा, लग्न झालेला माणूस एक रात्र घरी आला नाही, यात एवढं हातपाय गळण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पोलीस ठाण्यातल्या हवालदारालाही तेच वाटलं. पण धाकट्याचं तसं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचा तो. सगळ्यांशी गोड बोलणारा, लहान मुलांच्या नाकावर चष्मा ठेवून त्यांना हसवणारा. आणि हाच माणूस मागे एकदा गोळ्या खाऊन निजला होता. भावजय विसरलेली छत्री घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आली म्हणून वाचला. अख्खं घर एका छत्रीमुळे वाचलं, या विचाराने ताई कितीतरी दिवस नीट जेवली नव्हती. कारण काय, कारण काय म्हणून सगळ्यांनी त्याला भंडावून सोडलं तेव्हा तो तिला एकटीला म्हणाला होता, "कारण असतं तर बरं झालं असतं गं, ताई. कारण काढून तरी टाकता येतं." मग औषधं सुरू झाली आणि बरीही लागू पडली. बरं वाटायला लागल्यावर सगळे करतात तेच त्याने केलं. औषधं परस्पर बंद केली.

ताईने फोन उघडला आणि तो फोटो पाहिला. आता नीट पाहिला.

हा खेळ धाकट्याच्या लहानपणापासूनचा. ताई त्याच्याहून खूपच मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे ताई पाट्यांचं काम शिकायला जायची तेव्हा हे शेंबडं पोर तिच्या कडेवर नाहीतर बोटाला. रस्त्याने त्याने भोकाड पसरू नये म्हणून तिने खेळ काढला. त्याने कुठल्याही पाटीवर बोट ठेवायचं, "हा कुठला?" म्हणायचं, आणि ताईने त्या अक्षराच्या घराण्याचं, म्हणजे फॉन्टचं, नाव सांगायचं. त्याला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं, पण ताईला सगळं येतं याचाच त्याला भारी आनंद. मोठा झाला, लग्न झालं, तरी खोड गेली नाही. दिसली पाटी की काढ फोटो, पाठव ताईला. नियम एकच. अख्खी पाटी दाखवायची नाही, दोनतीन अक्षरांपुरता तुकडा कापून पाठवायचा. त्यातही तो मुद्दाम सॅन्स सेरिफ शोधायचा, कारण ती अवघड. ज्या अक्षरांच्या टोकांना बारीक शेपट्या असतात ती चटकन ओळखू येतात. ही बिनशेपटीची सगळी एका आईच्या लेकरांसारखी दिसतात. फरक शोधायचा तो एखाद्याचं पोट जरा सुटलंय, एखाद्याची मान आखूड आहे, असाच. ताई कधी हरली नव्हती. फोटो आला की हातातलं काम न थांबवता नाव सांगायची, आणि वर "काहीतरी अवघड पाठव की रे" म्हणून त्याला चिडवायची.

फोटोखाली नेहमी लिहिलेलं असायचं, 'हा कुठला?' या वेळी खाली काहीच नव्हतं. ते कोरं पाहिलं आणि ताईने तशीच ठाण्याची वाट धरली.

ठाण्यात हवालदाराने तक्रार लिहून घेतली. "सज्ञान आहेत ना? घरात भांडण वगैरे? येतील हो." ताईने गोळ्यांचं सांगितलं तेव्हा तो जरा सरळ बसला आणि आत जाऊन फोनच्या शेवटच्या टॉवरची चौकशी करून आला. टॉवर होता, पण त्याच्या टापूत निम्मं शहर आणि मागचे डोंगर येत होते. फोटो कुठे काढला ते फोटोवरून कळत नाही का, असं तिनेच विचारलं. मेसेजमधून आलेल्या फोटोत ते उरत नाही म्हणे. वरून धाकट्याने खेळाचा नियम पाळून आजूबाजूचं सगळं कापून टाकलेलं. एरवी कधी शिस्त म्हणून नव्हती अंगात, आणि नेमकी आत्ता.

म्हणजे उरलं ते अक्षर. अक्षर कळलं तर पाटी कोणाची ते कळेल, पाटी कळली तर भिंत सापडेल, आणि भिंतीपाशी धाकटा असेल. असेल, असंच तिने ठरवून टाकलं. दुसरं काही ठरवायची तिची हिंमत नव्हती.

यू आणि ई यांचा उपयोग शून्य. बिनशेपटीच्या घराण्यांत यू आणि ई सगळ्यांचे जवळजवळ सारखे. ओळख पटते ती एस-वरून, आणि हा एस काही केल्या ओळखू येईना. त्याचं वरचं वळण भलं मोठं आणि खालचं चिमुकलं. डोकं सुजलेल्या माणसासारखा तो भिंतीवर उभा होता. ताईने आयुष्यात असा एस पाहिला नव्हता. फोटो घालून फॉन्ट ओळखणारी यंत्रं इंटरनेटवर आहेत. तिने एकेकात तो तुकडा घातला. एका यंत्राने लग्नपत्रिकेवरचं नक्षीदार अक्षर सुचवलं. दुसऱ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की हा एस नसून आठ आहे.

मग ती मास्तरांकडे गेली. अक्षर काढायला तिला यांनीच शिकवलं होतं. आता वय झालं, कान गेले, पण भिंगाखाली अक्षर धरलं की अजून त्याची सात पिढ्यांची कुंडली सांगायचे. तिने फोटो मोठा छापून नेला होता. मास्तरांनी भिंग लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोणी काढलंय?"

"तेच विचारायला आलेय, सर."

"एस-चं डोकं लहान ठेवायचं आणि पोट मोठं, नाहीतर तो पुढे कलंडतो. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना मी तुला? हा गाढव कोण आहे? असा एस असूच शकत नाही."

"पण आहे ना, सर."

"असला तरी मी त्याला एस म्हणणार नाही." त्यांनी कागद बाजूला सारला. जणू त्या अक्षराने त्यांचा वैयक्तिक अपमान केला होता.

ताईचा तोल गेला. ज्यांच्यासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता त्यांच्यावर ती किंचाळली, "सर, माझा भाऊ मरेल हो!"

मास्तरांना ऐकू कमी यायचं, पण हे कानांत शिरलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. धाकट्याला त्यांनी कडेवरचा पाहिला होता. त्यांच्या शाईच्या दौतीत बोट घालून ते चोखणारं पोर ते. म्हातारा उठला, आणि फळीवरची नमुन्यांची जाडजूड पुस्तकं एकेक करून खाली काढायला लागला. दोघांनी पानं चाळली. बिनशेपटीचे शेकडो एस डोळ्यांखालून गेले, सगळे लहान डोक्याचे, मोठ्या पोटाचे, सुखी संसारी. शेवटी ताई म्हणाली, "मी निघते, सर. सापडला तर फोन करा." ते पुस्तकातून मान वर न काढता हो म्हणाले.

रिक्षात बसून तिने शेवटचा उपाय केला. इंटरनेटवर अक्षरवेड्यांचा एक गट होता, तिथे तिने फोटो टाकला आणि घाईत आहे, कृपया लवकर सांगा, असं लिहिलं. पहिल्याने विचारलं, तुमच्याकडे या फॉन्टचं लायसन्स आहे का? दुसऱ्याने लिहिलं, असला फॉन्ट मी फुकट दिला तरी वापरणार नाही. तिसऱ्याने दुसऱ्याची अक्कल काढली. मग त्या दोघांची जी जुंपली त्यात फोटो राहिला बाजूला, आणि कोण कुठल्या कॉलेजात शिकला यावर येऊन ठेपलं. ताईने दात ओठ खात लिहिलं, 'हा फोटो माझ्या भावाने काढलाय. तो कालपासून सापडत नाहीये. त्याने आधी एकदा जीव द्यायचा प्रयत्न केलाय. ही पाटी कुठे आहे ते मला शोधायचंय.'

भांडण जागच्या जागी थांबलं. आणि मग उत्तरांचा पूर आला. ओळखीची ना पाळखीची माणसं कामं टाकून शोधायला लागली. दूरदूरच्या गावांतून नावं यायला लागली, प्रत्येक नाव वेगळं आणि प्रत्येक नाव चूक. दया आली की माणसं जास्त अंदाज करतात. ताई एकेक पडताळून बघत होती आणि मनातल्या मनात स्वतःच्या मुस्काटात मारत होती. काल दुपारी फक्त एक नजर नीट टाकली असती. एक ओळ लिहिली असती, 'कुठे आहेस रे?' तेवढ्यासाठी यंत्र थांबवायला काय जात होतं? त्याने ताईकडे बघून हाक मारली होती आणि ताईने फोन पालथा घातला होता. दुसरा काही अर्थ तिला लावता येत नव्हता.

दुकानात पोचली तेव्हा शिडीवाला शाळेची अक्षरं फळीवर मांडत होता. अक्षरं भिंतीवर चढवायचं काम त्याच्याकडे. दुकान सुरू झाल्यापासून तो तिथे आहे, आणि शिडीवर नसला की त्याचं तोंड चालू असतं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"बाई, घोटाळा केलात तुम्ही. या एस-च्या पाठीवर बाण कुठाय?"

त्यांच्या दुकानाची ही जुनी रीत. एस, एच, एन, झेड, एक्स, आठ, असली जी अक्षरं उलटी धरली तरी सुलटीच वाटतात, त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढायचा, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. शिडीवर चढलेल्या माणसाला नाकासमोरचं एकच अक्षर दिसतं, त्याला कळत नाही.

"मला नका विचारू आत्ता," ताई म्हणाली.

"अहो, पण वरची बाजू कुठली ते तरी—"

"लावा कसाही!" ती ओरडली. "उलटा लावा, सुलटा लावा! कोणाला काय कळतंय!"

शिडीवाल्याने एस खाली ठेवला. आपण काय बोललो ते तिच्या कानांना जरा उशिराने ऐकू आलं.

तिने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. घाईत एस भोवतीची रेघ तीनदा चुकली. तेवढा एस कापून तिने तो अर्धा फिरवला, डोकं खाली आणि पाय वर. आणि पडद्यावर तो उभा राहिला. बारीक डोक्याचा, ऐसपैस पोटाचा.

शिडीवाला मागून वाकून बघत होता. "अरेच्चा! हा तर आपला ढेरपोट्या!"

ढेरपोट्या! कुठल्या पुस्तकात कसा सापडणार तो? तो बाजारात विकायला काढलेलाच नव्हता. पाणीखात्याच्या कोणा अनाम ड्राफ्ट्समनने फार पूर्वी खात्याच्या इमारतींपुरती ही अक्षरं काढली होती. सगळी साधी सरळ, एस-चं पोट तेवढं पाण्याने भरल्यासारखं. खात्याने जुन्या पाट्या काढून निळ्या प्लॅस्टिकच्या लावायच्या ठरवल्या तेव्हा काम ताईलाच मिळालं होतं. उतरवलेली अक्षरं मागच्या खोलीत पोत्यात पडली होती. ती धावत आत गेली, पोतं फरशीवर ओतलं आणि एक एस उचलून पडद्यासमोर धरला. तोच. ज्या कोणी त्या भिंतीवर हा बसवला त्याच्या शिडीखाली बाण काढून देणारं कोणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

जिंकल्याचा आनंद तिला क्षणभर झाला, आणि त्या क्षणाची तिला नंतर कायम लाज वाटत राहिली. कारण लगेच पुढचं कळलं. पाणीखात्याची इमारत म्हणजे तिच्या शेजारी पाणी असणार. खोल पाणी. यू, एस, ई. हाउस-ची शेवटची तीन अक्षरं. पंप हाउस.

"काका," ती म्हणाली, "जुनी अक्षरं अजून कुठे राहिलीत? आपण कुठली काढली नाहीत?"

"वरच्या तळ्यावरची तेवढी. तो पंप बंद पडलाय, खातंच म्हणालं राहू द्या." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "बाई, झालंय काय?"

तिने टेंपोची किल्ली त्याच्या हातात दिली आणि रस्त्यात सांगितलं. मग तो नुसता टेंपो हाणत राहिला. तिने ठाण्यात फोन केला. हवालदार म्हणाला, गाडी पाठवतो. भावजयीला फोन केला. "कळलंय कुठे आहे ते. निघालेय मी."

"कुठे आहेत?"

"टेकडीकडे," ताई म्हणाली. तळं हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेना.

चढावर टेंपो धापा टाकत होता. मागे शिडी आणि हत्यारं एकमेकांवर आपटत होती. ताईने देवाला काही मागितलं नाही. तिला मागायचीच भीती वाटत होती, कारण मागायचं म्हटलं तर आधी ते नीट शब्दांत सांगावं लागलं असतं.

वरचा रस्ता साखळी लावून बंद केलेला होता. शिडीवाल्याने गाडी लावेपर्यंतही न थांबता ती साखळीखालून वाकून पळत सुटली. झाडी संपली आणि तळं दिसलं. ऊन पडलेलं, शांत, नेहमीसारखं. त्या नेहमीसारखेपणाचा तिला भयंकर राग आला. पलीकडे करडी भिंत होती, भिंतीवर अक्षरं होती, आणि पाचवीतल्या पोरालाही कळावं इतका तो एस उलटा होता. भिंतीखाली कोणी नव्हतं.

ती भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालून पाण्याच्या बाजूला आली. तिथे दगडी पायऱ्या खाली पाण्यात उतरत होत्या. पायऱ्यांवर बूट होते, नीट जोडून ठेवलेले. बुटांपासून थोडं खाली, पाणी लागतं त्याच्या एक पायरी वर, धाकटा बसला होता.

धावत जाऊन त्याला धरावं की धावल्याने तो दचकेल, हेच तिला कळेना. ती हळूहळू उतरली आणि त्याच्या मागच्या पायरीवर बसली. हात पुढे केला तर त्याची कॉलर धरता येईल इतकी जवळ.

"आलीस," तो म्हणाला. त्याने मागे पाहिलं नाही.

इतक्या धावपळीत काय काय बोलायचं तिने ठरवलं होतं. त्यातलं काही सुचलं नाही. "जेवलास का?" ती म्हणाली.

"नाही."

"फोन का बंद?"

"चार्जिंग संपलं." त्याचा आवाज रात्रभर गारठ्यात बसलेल्या माणसाचा होता, खरखरीत आणि सपाट. मग तो आपणहून बोलायला लागला. "इथे कशाला आलो ते तुला ठाऊकच आहे."

"हो."

"इकडे वळताना भिंतीकडे सहज वर बघितलं. म्हटलं, ताईला एक शेवटचा पाठवावा. तू काय, लगेच सांगणार. तू सांगितलंस की झालं, असं ठरवलं. फोन ठेवायचा आणि उतरायचं. तू सांगितलंच नाहीस."

ताईने हात त्याच्या कॉलरजवळ नेला.

"म्हटलं, येईल. म्हटलं, कामात असेल, येईल आता. अंधार पडला तरी नाही. मग वाटलं, ताईला येत नाहीये की काय? ताईला? असं कसं होईल? मग फोन बंद पडला. म्हणजे आता तू सांगितलं असलंस तरी मला कळायचं नाही. रात्रभर तेच डोक्यात. काय असेल तो, काय म्हणाली असेल. दुसरं काही सुचेना. असं अर्धवट कसं जायचं माणसाने?" त्याने कोरड्या हातांनी तोंड पुसलं. "सकाळपासून ठरवतोय, खाली जाऊन कुठेतरी चार्ज करावा, बघावं आणि परत यावं. पण पाय उठत नाहीत."

ज्या पालथ्या घातलेल्या फोनसाठी ताई सकाळपासून स्वतःला शिव्या घालत होती, त्या फोनने त्याला रात्रभर या पायरीवर धरून ठेवलं होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते गिळलं, कारण आता रडायला सवड नव्हती.

धाकटा वळला. डोळे लाल, ओठ फुटलेले. "कुठला आहे गं तो, ताई?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. जन्मभर या प्रश्नाला तिने एका श्वासात उत्तर दिलं होतं, आणि दर वेळी ती मनातून फुशारली होती. तेवढ्यात वरून धापा टाकत शिडीवाला आला. दोघांना बसलेलं पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यावरूनच त्याने अक्षरांच्या भिंतीकडे मान वर केली आणि त्याचं तोंड उघडलं. "बाई, हा बघा, आपला—"

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तोंड तसंच उघडं ठेवून तो उभा राहिला.

"नाही ओळखता आला," ती धाकट्याला म्हणाली.

"खोटं बोलतेस."

"आईशप्पथ."

आईची खोटी शपथ तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"मग इथे कशी आलीस?"

"पोलिसांनी सांगितलं. टॉवरवरून काढतात ते. अक्षराचा काही पत्ता नाही. मास्तरांकडे गेले होते, त्यांनी सगळी पुस्तकं उपसली. जगातले झाडून सगळे अक्षरवेडे सकाळपासून शोधतायत. कोणालाच येत नाहीये."

"मास्तरांना पण?"

"मास्तर म्हणाले, असा एस असूच शकत नाही."

धाकट्याने मान वर करून कोपऱ्यापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं, जणू तिथून ते अक्षर दिसणार होतं. "आहे की," तो म्हणाला. त्याच्या सपाट आवाजात काहीतरी किंचित हललं. "फोटो पाठवलाय ना मी."

"आहे ना. म्हणून तर. मी हरले रे. मला एकटीला नाही जमत. तू चल, तू मदत कर."

त्याने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. ताईचा हात त्याच्या कॉलरपाशी तसाच होता, धरलेला नाही आणि सोडलेलाही नाही. मग त्याने हात मागे करून बूट ओढून घेतले. पाय इतके बधिर झाले होते की त्याला नाडी बांधता येईना. ती खालच्या पायरीवर उतरली, त्याच्या आणि पाण्याच्या मधे गुडघे टेकून बसली आणि त्याच्या नाड्या बांधायला लागली.

नाड्या बांधता बांधता तिच्या डोक्यात यादी चालू झाली. मास्तरांना फोन करून, सापडला तरी तोंड बंद ठेवायला सांगायचं. गटातला तो फोटो काढून टाकायचा. शिडीवाल्याला दम द्यायचा. दुकानाच्या फरशीवर ओतलेली अक्षरं हा घरी पोचायच्या आत भंगारात गेली पाहिजेत. डॉक्टर आजच गाठायचे, औषधं आजपासून, भावजयीच्या डोळ्यांसमोर. आणि हा विचारत राहील, रोज विचारेल, सापडला का गं, आणि तिने रोज नाही म्हणायचं. औषधं लागू पडेपर्यंत हे एवढंच एक अक्षर होतं तिच्याकडे. ते किती दिवस पुरेल हे तिला माहीत नव्हतं. तिने दोन्ही बुटांना दुहेरी गाठी मारल्या आणि त्याला उठवायला हात दिला.